खेकड्याची हद्द: मुलुंड ते चारकोप

मुलुंड

"कानातलं पडलं असेल गं बिचारीचं."

"दोघींचं एकदम?"

"मग मंगळसूत्र असेल. उगाच कोण सकाळी सकाळी पाण्यात ओणवं उभं राहतंय?"

मुलुंडच्या डोंगराच्या पायथ्याशी सकाळच्या फेरीला आलेल्या दोन मावशी ओढ्याच्या काठावर थांबून हे बोलत होत्या. पाण्यात ओणव्या उभ्या असलेल्या दोघींपैकी एक मी. मी दगड उचलून धरला होता आणि माझी मैत्रीण रुचिता त्याच्याखाली डोकावत होती. खरं सांगायची आम्हाला बंदी होती, आणि खोटं सांगायला मला जमत नाही. मी मान आणखी खाली घातली.

रुचिताला दोन्ही जमतं. "हो ना मावशी!" ती ओरडली. "सोन्याचं आहे!"

झालं. एका मावशींनी पांढरे बूट काढले, सलवार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि त्या पाण्यात उतरल्या. आमच्याबरोबर वीस मिनिटं त्यांनी न पडलेलं कानातलं मन लावून शोधलं. जाताना म्हणाल्या, "गणपतीला दूर्वा बोल. मिळतं." मला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी संध्याकाळी मी खरंच दूर्वा वाहिल्या. काय मिळावं म्हणून, ते मात्र गणपतीला सांगितलं नाही.

आम्ही शोधत होतो खेकडे. गोड्या पाण्यातले, ओढ्यातल्या दगडांखाली राहणारे. आमच्या माटुंग्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले मोकाशी सर गेली कित्येक वर्षं कोकण आणि मुंबईचा एक नकाशा बनवत आहेत: कोणता खेकडा कुठे राहतो, आणि कुठे राहायचा थांबतो. यंदा गणपतीनंतर त्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना निरोप पाठवला. "उपनगरांतले ओढे राहिले आहेत. बुद्धी माझ्याकडे आहे. गुडघे हवेत." पाच दिवसांचं काम. मी लगेच होकार कळवला, कारण दगडांशी बोलावं लागत नाही.

आता मुलुंड ते चारकोप याला प्रवास म्हणायचं का, असं कोणी विचारेल. विचारणारा चेंबूरचा नसावा. आमच्या सोसायटीत मनालीला तीनदा आणि दुबईला दोनदा जाऊन आलेली माणसं आहेत. दहिसरला गेलेलं एकही नाही. "तिकडे काय आहे?" आईने विचारलं होतं. आता परत आल्यावर लिहिते आहे, ते तिच्यासाठी आणि न गेलेल्या बाकीच्यांसाठी.

काम असं. दगड हळूच उचलायचा. खेकडा असेल तर मागून, पाठीवर बोट ठेवून धरायचा. उलटा करायचा. पोटावर एक झडप असते. अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. मादी याच झडपेखाली आधी अंडी आणि मग पिल्लं सांभाळते. माप घ्यायचं, वहीत लिहायचं, खेकडा सोडायचा आणि दगड होता तसाच, त्याच बाजूवर, परत ठेवायचा. खेकडा मिळाला नाही तर "नाही" लिहायचं, तेही वेळ आणि जागेसकट. "लोक 'आहे' लिहितात आणि 'नाही' लिहायचा कंटाळा करतात," सर म्हणाले. "हद्द 'नाही'नेच कळते."

आणि कोणी विचारलं तर पाणी तपासतोय म्हणायचं. खेकडे म्हणायचं नाही. "खेकडे म्हटलं की लोक पिशवी घेऊन येतात," हा सरांचा अनुभव.

सर स्वतः काठावर घडीच्या स्टुलावर छत्री उघडून बसायचे. मुलुंडला आम्हाला अकरा खेकडे मिळाले. सगळे साधे तपकिरी, पण सगळ्या वयांचे. शर्टाच्या बटणाएवढ्या पोरांपासून माझ्या तळहाताएवढ्या आजोबांपर्यंत.

"प्राणी कुठे सापडतो हे कोणीही सांगेल," सर थर्मासमधून चहा ओतत म्हणाले. "तो कुठे थांबतो आणि का, ते विचारा. बिबट्या मुलुंडच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीपर्यंत येतो. चेंबूरला का येत नाही?"

"पार्किंग मिळत नाही म्हणून," रुचिता म्हणाली.

"वाट नाही म्हणून. जंगलाला लागून मुलुंड आहे, चेंबूर नाही. आता याच्या उलट: वाट आहे, पण पुढे ऊन फार, पाणी खारट, किंवा त्याच्या दगडाखाली दुसराच कोणीतरी बसलाय. कोणताही प्राणी घ्या, हे दोनच प्रश्न आहेत. तो तिथे पोचला नाही? की पोचला, पण जगला नाही?"

"सर, ईशाचं पहिलं आहे," रुचिता म्हणाली. ईशा म्हणजे मी. "चेंबूर ते माटुंगा. पुढे पोचलीच नाही."

सर मोठ्याने हसले. मीही हसले, कारण खरं होतं.

त्यानंतर मुलुंडच्या एका गाडीवर पापडीचा लोट खाल्ला. गुजराती पदार्थ: तांदळाच्या पिठाची वाफाळती, चिकट उकड, वर कच्चं तेल आणि लाल मसाला. आमच्या घरी ताकातली उकड होते, तिची ही सख्खी बहीण. फक्त ही तेल लावून, नटून बाहेर पडते आणि आमची घरात बसते. चमचा पुन्हा पुन्हा चाटावा लागतो. मी दुसरी प्लेट मागणार होते, पण गाडीवाल्याशी बोलावं लागलं असतं. रुचिताने न विचारता मागितली.

घाटकोपर

घाटकोपरच्या टेकडीवर वरपर्यंत घरं आहेत. दोन घरांच्या मध्ये जिना, जिन्याच्या कडेला गटार, आणि एका ठिकाणी भिंतीच्या फटीतून अजूनही खरा झरा वाहतो. तिथल्या बायका त्याच्याखाली हंडा लावून गप्पा मारत उभ्या होत्या. आमच्याकडे नळ गेला की सगळे सोसायटीच्या ग्रुपवर भांडतात. इथे पाणी बारीक असेल तर गप्पा जास्त, एवढाच फरक पडतो.

त्या झऱ्यापासून खाली आम्ही चौदा जागा बघितल्या. चौदा वेळा "नाही" लिहिलं. सातव्या "नाही"ला माझी उजवी चप्पल पाण्याबरोबर निघून गेली. आम्ही तिच्यामागे दोन जिने उतरलो. मग ती एका पाइपात शिरली आणि आमच्या पाहणीच्या हद्दीबाहेर गेली. खालच्या दुकानात माझ्या मापाची एकच जोडी होती, जांभळी, वर प्लास्टिकचं फुलपाखरू असलेली. पुढचे तीन दिवस ते फुलपाखरू माझ्या पायावर होतं.

चहाच्या टपरीवर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आमची वही बघत होते. "पाणी तपासताय? इथे आम्ही लहानपणी खेकडे धरायचो," ते म्हणाले. "डबा भरून. आई ओरडायची."

सरांनी कप खाली ठेवला. "केव्हापासून नाहीत?"

"ते काय कोणी लिहून ठेवतं का? एक दिवस लक्षात आलं, की हल्ली दिसत नाहीत."

टेकडी उतरताना सर म्हणाले, "ही टेकडी आता बेट आहे. मध्ये रस्ते, रूळ, इमारती. इथला शेवटचा खेकडा मेला, की दुसरा यायला वाट नाही. झरा आहे, दगड आहेत. खेकडा नाही." त्यांनी वही मागून घेतली आणि माझे चौदा "नाही" एकदा बोटाने मोजले. कोणी माझं अक्षर इतक्या आदराने वाचल्याचं मला आठवत नाही.

दहिसर

दहिसर मला आवडलं. शहर तिथे संपतं असं ऐकलं होतं, पण संपायची काही घाई दिसली नाही. एका बाजूला नवे टॉवर, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या चाळी, दोन्हींच्या मधून नदी. दोन दिवसांचा मुक्काम बोरिवलीला रुचिताच्या आत्याकडे होता. तिथे सकाळी सातला फाफडा आणि कच्च्या पपईचा संभारा खाऊन आम्ही नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावर पोचलो. ओढा जंगलाच्या बाजूने येतो आणि एका चाळीच्या मागून जातो. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होतं. एका दगडाखाली टूथब्रश होता, पण चालायचंच.

नऊ वाजता रुचिता म्हणाली, "ए, हा कसला गं?"

तो तपकिरी नव्हता. पाठ काळपट जांभळी, नांग्यांची टोकं नारिंगी. मी त्याला उलटा केला. मादी. झडप जरा उचलली तर आत साबुदाण्याएवढी पिल्लं, एकमेकांना चिकटून, हलणारी.

"सर," मी म्हणाले. बहुतेक फारच हळू म्हणाले. रुचिताने मग माझ्या वतीने हाक मारली आणि पलीकडच्या टॉवरमधल्या दोन खिडक्या उघडल्या.

सर स्टुलावरून उठले आणि पँट, मोजे, बूट, सगळ्यासकट पाण्यात आले. खेकडा त्यांनी दोन्ही हातांत घेतला. "ही इथली नव्हे," ते म्हणाले. "ही दक्षिण कोकणातली. सावंतवाडी, कुडाळ. माझ्या नकाशात हिची रेघ सावित्री नदीच्याही खाली संपते. मी स्वतः आखली आहे ती रेघ." मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझी रेघ चुकली! वा! आणि पिल्लं आहेत. म्हणजे नुसती आलेली नाही, इथे वंश चालू आहे!"

स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्या घरी चूक सापडली की आधी ती दुसऱ्याची आहे का ते बघतात. थोड्या वेळाने तशीच आणखी एक मादी मिळाली. सर तिच्याकडे वाकले, बूट शेवाळावरून सरकला आणि ते पाण्यात बसले. गुडघा दुखावला, छत्री वाहून जाता जाता रुचिताने धरली. तरी ते हसतच होते. रिक्षात बसवलं तेव्हा म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यांनी लावलेले शोध शिकवले. हा आपला आहे. तिघांची नावं टाकून टिपण लिहितो. उद्या तुम्ही दोघी आणखी बघून या, परवा माझ्याकडे चारकोपला."

दहिसर, दुसऱ्या दिवशी

दुसऱ्या दिवशी आम्हाला आणखी पाच मिळाल्या. मुद्दामच "मिळाल्या" लिहिते आहे. पाचही माद्या, पाचही मोठ्या, दोघींच्या पोटाखाली पिल्लं. तीन तास दगड उचलले. मी वहीत ओळीने सात वेळा "मादी" लिहिलेलं बघितलं आणि मला ते जरा विचित्र वाटलं. रुचिताला म्हणणार होते, तेवढ्यात वरून हाक आली.

"गो पोरींनो! कालधरना उन्हात आसास. वांयच जेवन जावा!"

चाळीच्या मागच्या दारात एक बाई उभ्या होत्या. परब काकी. पन्नाशीच्या, पदर खोचलेला, हातात झारा. रुचिता आधीच निघाली होती. मी म्हणाले, "नको, कशाला उगाच," पण ते वाक्य माझ्याशिवाय कोणी ऐकलं नसावं.

"पाणी तपासतास ना? बरां करतास," काकी म्हणाल्या. "तू खयचा गो?"

"चेंबूरची," मी म्हणाले.

"चेंबूर? तां खय इला?"

पंचवीसेक वर्षं मुंबईत राहिलेल्या काकी चेंबूरला कधी आल्या नव्हत्या. सावंतवाडीजवळच्या गावाला मात्र वर्षातून तीनदा जातात: गणपती, जत्रा आणि मे महिना. मला त्यांचा नकाशा डोळ्यांपुढे दिसला: दहिसर, आणि मग एकदम सावंतवाडी. मधल्या सगळ्या जागी "नाही".

काका त्याच दिवशी पहाटे गावाहून आले होते. मोरीत ओलं पोतं होतं आणि त्याच्यात खसखस आवाज. काकींनी पोत्यात हात घातला आणि खेकडा बाहेर काढला. काळपट जांभळा. नारिंगी टोकांचा.

मी पाणी प्यायला मोरीपाशी गेले होते, तिथेच उभी राहिले. रुचिता आत टीव्हीसमोर काकांशी पावसाळ्यातल्या रस्त्यांवर चर्चा करत होती. काकी एकेक खेकडा उलटा करत होत्या, अंगठ्याने झडप जरा उचलून बघत होत्या, आणि पातेल्यात टाकत होत्या. मी तीन दिवस जे करत होते तेच. फक्त मला एका खेकड्याला एक मिनिट लागायचं, त्यांना एक सेकंद. नर पातेल्यात. मादी पातेल्यात. मग एक मादी त्यांनी बघितली, आणि बाजूच्या बादलीत ठेवली.

मी बादलीत डोकावले. तिच्या पोटाखाली साबुदाणे हलत होते.

"ही... बादलीत का?" मी विचारलं.

"ही पोरांची आवस," काकी म्हणाल्या. "हिका नाय मारूची." आवस म्हणजे आई, एवढं मला कळलं.

तीन जणी बादलीत जमल्यावर काकी मागच्या दाराने उतरल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी बादली ओढ्याच्या काठाशी हलकेच कलती केली. "जा गो बायांनो," त्या म्हणाल्या. "सांभाळा पोरांका."

"नेहमी सोडता?"

"मगे? पोरांची आवस कोण खाता काय? गावाक व्हाळातली धरली तर व्हाळातच परत सोडतंव. हंय आणली म्हणान काय न्याय बदलता?" मग माझ्याकडे बघून हसल्या. "लगीन होवन इलंय तेवापासून सोडतंय. माझो झील पंचवीस वर्षांचो झालो." झील म्हणजे मुलगा.

जेवायला खेकड्यांचं सार आणि भात होता. आमच्या घरी अंडंसुद्धा गॅलरीतल्या वेगळ्या शेगडीवर होतं. मी चमच्याने फक्त सार खात होते. "खा गो बाय, लाजतंस कित्याक?" म्हणत काकींनी माझ्या ताटात नांगी ठेवली आणि हातात बत्ता दिला. मी बत्ता मारला. कवचाचा तुकडा उडून भिंतीवरच्या कॅलेंडरला, बरोबर संकष्टीच्या चौकटीत चिकटला. काका म्हणाले, "नेम चांगलो आसा." आतलं मांस गोड होतं, किंचित मातीच्या वासाचं. मी तीन नांग्या खाल्ल्या. आईला हे इथेच कळेल.

"सकाळी मोजायचे, दुपारी खायचे," बाहेर आल्यावर रुचिता पोटावर हात फिरवत म्हणाली. "झकास जॉब आहे यार."

मी तिला बस स्टॉपवर सगळं सांगितलं. काकींची बादली, पंचवीस वर्षं, सगळं.

"हे बघ," ती म्हणाली. "काकी काय, दोन-चार सोडत असतील. आपल्याला मिळाल्या त्या वेगळ्या असू शकतात ना? सर म्हणाले ना, पिल्लं आहेत म्हणजे वंश चालू आहे."

"पिल्लं होती म्हणूनच सोडल्या गं. काहींची नंतर पोटाखालून सुटून गेली असतील. नर आणि बाकीच्या पातेल्यात जातात. म्हणून आपल्याला सातही माद्याच मिळाल्या."

"ईशा, गप्प बस ना यार. सरांचा चेहरा बघितलास ना काल? आणि आपली नावं येतायत. माझं नाव आजवर फक्त लाइटच्या बिलावर आलंय, तेही चुकीचं." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "तू सांगणार नाहीस. मला माहितीय. तू दुसरी प्लेट मागत नाहीस."

तिचं बरोबर होतं. बस आली आणि आम्ही चढलो.

मी गप्प राहिले तर काय होईल, ते मला नीट दिसत होतं. टिपण छापून येईल. कोणीतरी दहिसरला जाऊन बघेल. एखाद्या दिवशी परब काकी त्याला बादली दाखवतील. आणि मग लोक मोकाशी सरांना हसतील, ज्यांनी आम्हाला "नाही" लिहायला शिकवलं. सांगितलं तर उद्याच, त्यांच्याच घरात, मी त्यांच्या हातातला शोध काढून घेणार.

चारकोप

चारकोपला पत्ता विचारत जाण्यात अर्थ नाही. सेक्टर, प्लॉट, सोसायटी, घर नंबर, असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक गल्लीतली घरं एकाच साच्यातून काढल्यासारखी. चेंबूरला आम्ही "बागेसमोर, चाफ्याच्या शेजारी" असं सांगतो. इथल्या तीन माणसांनी आम्हाला तीन सेक्टरांत पाठवलं. एका घराची बेल वाजवून आम्ही आत जाऊन बसलोसुद्धा. पाणी पिऊन झाल्यावर कळलं, की ते मोकाशी नव्हेत. त्या घरातल्या आजोबांना आम्ही निघालो याचं वाईट वाटलं.

सरांचं घर पुढच्या गल्लीत होतं. सर खुर्चीत, पाय स्टुलावर, गुडघ्याला पट्टा, मांडीवर लॅपटॉप. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, थालीपीठ लावलं होतं. "दोन रात्री झोपले नाहीत," काकू म्हणाल्या. "लहान मुलासारखं चाललंय. काल भाजीवाल्याला खेकड्याचा फोटो दाखवला."

सरांनी टिपण मोठ्याने वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं, दीड पान. खाली तीन नावं. माझं शेवटी. मला ते आवडलं होतं, हे लपवून उपयोग नाही.

"ईशा, तुझं इंग्रजी चांगलं. एकदा नजर टाक," म्हणत त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे दिला.

मी नजर टाकली. दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. एका वाक्यात लिहिलं होतं, की पिल्लं असलेल्या माद्या सापडल्यामुळे ही जात इथे स्थिरावली आहे हे सिद्ध होतं. त्या वाक्यावर माझं बोट थांबलं. त्यात व्याकरणाची काही चूक नव्हती. मी ते तसंच ठेवलं आणि लॅपटॉप परत दिला.

"वा," सर म्हणाले. "आता हे पाठवायचं कसं ते मला येत नाही. रुचिता, तू दाब."

मी थालीपीठाचा घास घेतला. पाठीमागे पिशवीत वही होती. मुलुंडच्या पानावर लहान, मध्यम, मोठे, नर, मादी, सगळी सरमिसळ. दहिसरच्या पानावर सात मोठ्या माद्या, आणि बस. पंचवीस वर्षं काकी पिल्लांनी भरलेल्या आया त्या पाण्यात सोडत आल्या होत्या. त्यातलं एक तरी पिल्लू थोडं मोठं होऊन एखाद्या दगडाखाली दिसायला हवं होतं. तीन तास आम्ही दगड उचलले होते. ही गोष्ट माझ्या तेव्हा, त्या खुर्चीत बसल्यावर लक्षात आली, आणि मग मला भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी वाटायला लागलं. कोणीच मुद्दाम केला नसता असा प्रयोग त्या चाळीच्या मागे आपोआप होऊन बसला होता, आणि त्याचं उत्तर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

रुचिताने लॅपटॉप मांडीवर घेतला. बोट कळीवर ठेवलं. मग तिने दाबलं नाही. मान वर करून माझ्याकडे बघितलं. सरही बघायला लागले. काकू हातात लोण्याची वाटी घेऊन दारात थांबल्या.

"सर, पाठवू नका," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. "ते खेकडे तिथले नाहीत. चाळीतल्या एक काकी गावाहून खायला आणतात आणि पिल्लं असलेल्या तेवढ्या परत सोडतात. मी डोळ्यांनी पाहिलं, काल. कालच सांगायला हवं होतं."

सरांनी चष्मा काढला. स्वयंपाकघरात तव्यावरचं थालीपीठ करपायला लागल्याचा वास आला, तरी काकू हलल्या नाहीत.

"सोडतात," सर शेवटी म्हणाले. "किती दिवस?"

"पंचवीस वर्षं."

"पंचवीस." त्यांनी तो आकडा पुन्हा एकदा, स्वतःशीच म्हटला. "म्हणजे आपला शोध..."

मी पिशवीतून वही काढली, दहिसरचं पान उघडून त्यांच्या गुडघ्यावरच्या पट्ट्यावर ठेवलं, आणि माझ्या आयुष्यातलं सर्वांत लांब बोलणं बोलले.

"सर, यात एकही नर नाही आणि एकही लहान खेकडा नाही. काकी दरवर्षी त्यांना पोरांसकट इथे पोचवतात, तरी एक पोर मोठं झालेलं नाही. वाट नाही म्हणून ही जात इथे नाही, असं आता कोणाला म्हणता येणार नाही. या पाण्यातच काहीतरी आहे, जे त्या पिल्लांना चालत नाही. ते काय आहे, हे मला शोधायचंय, सर. मला. रुचिता आली तर बरंच, नाहीतर मी एकटी जाईन."